शाळा संपल्यावर आठवण कोण करणार? मुलांना मोठेपणात उतरवण्याची दोन वर्षांची तयारी

शाळा मुलांना पुष्कळ काही शिकवते, पण एक काम शेवटपर्यंत स्वतःकडेच ठेवते: आठवण करून देण्याचं. उद्या काय आणायचं ते फळ्यावर लिहिलेलं असतं. वही अपुरी राहिली तर शिक्षक नाव घेऊन हाक मारतात, चार दिवस गैरहजर राहिलं तर घरी फोन जातो, अर्ज भरायचा राहिला तर वर्गशिक्षक दोनदा निरोप धाडतात. दहा-बारा वर्षं हे चालतं आणि मग एका दिवशी सगळं एकदम थांबतं.

वर्गात कायम पहिल्या पाचांत असलेला एक मुलगा शाळा सुटल्यावर वर्षभराने मला भेटायला आला होता. वसतिगृहाच्या अर्जाची शेवटची तारीख हुकली होती. ‘मला कुणी सांगितलंच नाही,’ तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. सूचना तीन आठवडे संकेतस्थळावर होती. ती आपण होऊन शोधायची असते, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. हुशारी कमी पडली नव्हती, सुरुवात आपण करायची सवय नव्हती.

पुढची सगळी तयारी या एका सवयीभोवती आहे. शाळेची शेवटची दोन वर्षं त्यासाठी पुरतात. शेवटचे दोन महिने पुरत नाहीत. बहुतेक देशांत कायदा 18व्या वर्षी माणसाला सज्ञान ठरवतो, पण पुढचा विचार करून आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी 2000 साली 18 ते 25 या वयाला आयुष्याचा स्वतंत्र टप्पाच मानावं, असं मांडलं. त्यामुळे अठरावा वाढदिवस झाला की मूल आपोआप मोठं होईल, या भरवशावर राहू नका. आणि ‘अजून लहान आहे’ म्हणत सगळं आपल्याच हातात ठेवणंही तितकंच चुकीचं.

पहिली पायरी: आज नेमकं कुठे आहोत?

एक आठवडा काहीही न बदलता फक्त बघा. कागदावर तीन रकाने आखा: मूल आपण होऊन करतं ती कामं, आठवण केल्यावर करतं ती, आणि दुसरं कुणीतरी त्याच्यासाठी करतं ती. सकाळी उठणं, कपडे धुणं, औषध घेणं, प्रवासाचं तिकीट काढणं, कागदपत्रं सांभाळणं, शिक्षकांना शंका विचारणं, पैशांचा हिशेब, सगळं यात येऊ द्या. मुलालाही वेगळ्या कागदावर हेच तीन रकाने भरायला सांगा आणि आठवड्याच्या शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवा. थोडी खडाजंगी होईल. होऊ द्या.

फसवा रकाना मधला. ‘त्याला येतं सगळं, फक्त सांगावं लागतं’ हे वाक्य मी पालकांकडून किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. जे काम सांगावं लागतं, ते त्याला येत नाही असंच धरा. कपडे धुण्यात यंत्राची बटणं दाबणं हा सोपा भाग. परवा घालायला काही उरलेलं नाही हे आज लक्षात येणं, हा खरा भाग. तो अजून तुमच्याकडे आहे.

दुसरी पायरी: काम सोपवायचं कसं?

इथे घाई करू नका. बाकीच्या पायऱ्या हिच्याच जोरावर उभ्या आहेत.

वुड, ब्रूनर आणि रॉस या तीन मानसशास्त्रज्ञांनी 1976 सालच्या निबंधात शिकवणाऱ्याच्या मदतीला बांधकामावरच्या परांचीची उपमा दिली. परांची भिंतीला लागून उभी असते, पण ती भिंतीचा भाग नसते. भिंत वर चढली की उतरवायची. आपल्याकडून दोन चुका होतात. एक, परांची काढायलाच आपण विसरतो. दुसरी त्याहून वाईट: शाळा संपल्याच्या दिवशी ती एका झटक्यात पाडतो आणि मग भिंत हलली म्हणून भिंतीला बोल लावतो.

उतरवण्याचा क्रम चार टप्प्यांचा: मी करतो, तू बघ; आपण दोघं मिळून करू; तू कर, मी शेजारी आहे; तू कर, झाल्यावर सांग. तिसऱ्या टप्प्यावर पालक अडकतात, कारण शेजारी बसून गप्प राहणं फार जड जातं. हात शिवशिवतात. हातात चहा किंवा वर्तमानपत्र घेऊन बसा, काहीही करा, पण तोंड उघडू नका.

लांबलचक कामासाठी आणखी एक युक्ती आहे. विशेष शिक्षणातले शिक्षक ती फार पूर्वीपासून वापरतात: शेवटची कडी आधी सोपवायची. समजा एखादा अर्ज भरायचा आहे. सूचना शोधणं, अटी वाचणं, कागदपत्रं जमवणं, अर्ज भरणं, तपासणं, सादर करून पोचपावती जपून ठेवणं, अशा त्याच्या कड्या. पहिल्या वेळी पाच कड्या तुम्ही करा. सादर करणं आणि पावती ठेवणं मुलाकडे. पुढच्या अर्जाला तपासणंही त्याचं. मग भरणं, मग कागदपत्रं. असं मागे मागे येत गेलं की दर वेळी काम मुलाच्या हातून पूर्ण होतं. ‘झालं एकदाचं’ हे समाधान त्याच्या वाट्याला येतं आणि पुढची कडी धरायला तो तयार होतो. सर्वांत शेवटी सोपवायची ती पहिली कडी, म्हणजे अर्ज निघालाय का हे आपण होऊन बघणं. वसतिगृह हुकलेल्या मुलाला नेमकी हीच कडी कुणी दिली नव्हती.

सोपवलेलं काम बिघडेल. बिघडण्याची किंमत आधी जोखा. तिकीट चुकलं, गाडी गेली, दंड भरावा लागला, तर ते सोसू द्या. जिथे चुकीने वर्ष वाया जाईल किंवा जिवाला धोका होईल, तिथे मात्र तुमची नजर राहू दे, आणि तीही उघडपणे: ‘शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी मी एकदा विचारीन, त्याआधी नाही.’ चोरून तपासलं की मुलाला कळतंच, आणि मग ते तुमच्या तपासण्यावर विसंबून राहतं.

एका वेळी दोनच कामं घ्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात ‘तुला जमणारच नाही’ म्हणून काम परत हिसकावून घेऊ नका.

तिसरी पायरी: वेळ

सुरुवात गजरापासून करा. किशोरवयात शरीराचं घड्याळ मागे सरकतं, रात्री झोप उशिरा येते. सगळाच काही आळस नसतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2016 साली 13 ते 18 वयासाठी दिवसाला 8 ते 10 तास झोप सुचवली आहे. ती कशी बसवायची याचं गणित मुलालाच मांडू द्या. पण उठवणं तुम्ही बंद करा. किती तारखेपासून बंद ते आधी सांगा आणि त्या तारखेला खरोखर बंद करा. दोन-तीन उशीर होतील. ते शाळेत असतानाच झालेले बरे. नोकरीच्या पहिल्या महिन्यात महाग पडतात.

दुसरं, अंदाज. कामाला किती वेळ लागेल हे माणसं हमखास कमी धरतात. 1994 सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत संपेल असं विचारलं होतं. त्यांचा अंदाज सरासरी 34 दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले सुमारे 55. मुलाला महिनाभर हेच करून बघायला सांगा: कामाआधी अंदाज लिहायचा, संपल्यावर खरा वेळ. दोन्हींमधला फरक तोच त्याचा स्वतःचा गुणाकार. ज्याला नेहमी दीडपट वेळ लागतो त्याने दीडपट धरावा, इतकं सोपं आहे ते.

तिसरं, शेवटच्या तारखेपासून उलटं मोजणं. दिनदर्शिकेत फक्त शेवटची तारीख नोंदवली तर ती त्या दिवशीच दिसते. ‘आज सुरुवात’ असा वेगळा दिवसही नोंदवायचा. आणि ‘या आठवड्यात करीन’ऐवजी ‘गुरुवारी जेवण झालं की टेबलावर बसून पहिलं पान भरीन’ असं लिहायचं. वेळ, जागा आणि पहिली हालचाल ठरलेली असली की काम पार पडण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या प्रयोगांतून दिसलं आहे.

चौथी पायरी: अनोळखी माणसाशी बोलणं

मुलं तासन्‌तास फोनवर असतात, पण फोन करत नाहीत. अनोळखी कार्यालयात फोन लावून माहिती विचारायची म्हटली की भल्याभल्यांच्या हाताला घाम सुटतो. याची लाज वाटू देऊ नका, सराव करून घ्या.

फोनआधी तीन ओळी लिहायच्या: मी कोण, मला काय हवं आहे, कधीपर्यंत हवं आहे. बोलणं संपताना दोन गोष्टी विचारायच्या: आपलं नाव काय, आणि ‘म्हणजे अमुक तारखेपर्यंत तमुक कागद द्यायचा, बरोबर ना?’ मग तारीख, नाव आणि उत्तर वहीत टिपायचं. पहिला फोन स्पीकरवर, तुम्ही शेजारी. दुसरा मुलाने दुसऱ्या खोलीतून करायचा. दवाखान्याची वेळ घेणं हा उत्तम पहिला सराव, कारण तिथे नाही म्हणणारं सहसा कुणी नसतं. दवाखान्यात गेल्यावरही डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरं मुलाने द्यायची. ‘काय होतंय?’ असं त्यांनी मुलाला विचारावं आणि आईने सांगायला सुरुवात करावी, हे दृश्य मी सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीतही पाहिलं आहे.

ईमेललाही हेच लागू. विषयाच्या ओळीत काम, पहिल्या वाक्यात ओळख आणि असल्यास अर्जाचा क्रमांक, एका ईमेलमध्ये एकच मागणी. उत्तर आलं नाही तर आठवड्याने नम्रपणे पाठपुरावा. पाठपुरावा म्हणजे त्रास देणं नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगावं लागतं. पुष्कळ मुलं एका अनुत्तरित ईमेलला नकार समजून बसतात.

मदत मागणंही शिकवायची गोष्ट आहे. ‘मला काहीच कळत नाही’ला उत्तर देणं कठीण. ‘मी हे आणि हे करून पाहिलं, इथे अडलो आहे, पुढे काय करू?’ याला पाच मिनिटांत उत्तर मिळतं. पुढच्या शिक्षणात किंवा कामावर पहिल्याच पंधरवड्यात एका तरी शिक्षकाशी वा वरिष्ठाशी आपण होऊन बोलायचं, हे घरीच ठरवून टाका.

पाचवी पायरी: पैसा

हातखर्च रोज देत असाल तर आठवड्याचा द्या, मग पंधरा दिवसांचा, मग महिन्याचा. रकमेबरोबर जबाबदारीही सोपवा: प्रवास, वह्या, फोनचं रिचार्ज, मित्रांबरोबरचा खर्च, सगळं त्यातूनच. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पैसे संपतील. तिथे उसने दिलेत तर धडा पुसला गेला. तो आठवडा काटकसरीत काढू द्या.

व्याज एकदा कागदावर मांडून दाखवा. ‘दरमहा फक्त 3 टक्के’ ऐकायला किरकोळ वाटतं; चक्रवाढीने ते वर्षाला सुमारे 42.6 टक्के होतं. 72 ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ ढोबळमानाने कळतो. दरमहा 3 टक्क्यांनी न फेडलेलं कर्ज 24 महिन्यांत दुप्पट होतं. उलट, वर्षाला 8 टक्क्यांनी वाढणारी बचत दुप्पट व्हायला 9 वर्षं लागतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वेगळं भाषण करावं लागत नाही.

सज्ञान झाल्यावर सहीला वजन येतं. कोणताही करार जागच्या जागी सही करायचा नाही. घरी आणायचा, पूर्ण वाचायचा, ‘मध्येच सोडलं तर काय?’ हे कलम शोधायचं. मित्रासाठी जामीन राहणं म्हणजे ते कर्ज आपलंच, असं समजून मगच ठरवायचं. ओटीपी आणि पासवर्ड कुणालाच नाही, बँकेचं नाव सांगणाऱ्यालाही नाही.

सहावी पायरी: पुढे काय करायचं?

‘तुझी आवड काय?’ हा सतरा वर्षांच्या मुलाला विचारायचा प्रश्न नव्हे. ज्याने दोन-तीनच पदार्थ चाखलेत त्याला आवडीचा पदार्थ विचारण्यासारखं आहे ते. आधी चाखू द्या. ज्या क्षेत्रांचा विचार आहे, त्यांतल्या प्रत्येकी दोन-तीन माणसांना मुलाने भेटावं आणि ‘तुमच्या क्षेत्रात संधी आहे का?’ असं न विचारता ‘गेल्या मंगळवारी तुम्ही सकाळपासून काय काय केलंत?’ असं विचारावं. डॉक्टर, वकील, सुतार, प्रोग्रामर, सगळ्यांच्या मंगळवारात बाहेरून न दिसणारी बरीच रटाळ कामं असतात. ती सोसवतील का, हा खरा प्रश्न. जमेल तिथे सुट्टीत काही आठवडे प्रत्यक्ष काम करावं, मग ते कितीही साधं असो.

अशी माणसं शोधताना लांबच्या ओळखी अधिक उपयोगी पडतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना कधीतरी किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. जवळच्यांना आपल्याइतकंच माहीत असतं, म्हणून.

दुसरा पर्यायही लिहून ठेवा, आणि पहिली निवड कधी तपासायची तेही: पहिलं वर्ष संपल्यावर, एखाद्या वाईट आठवड्यात नव्हे.

तब्येत, स्वयंपाक, कागदपत्रं

हे झटपट उरकता येतं. पोट भरेल असे चार-पाच पदार्थ मदतीशिवाय करता यावेत. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नये. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, झालेल्या शस्त्रक्रिया आणि लसी एका कागदावर मुलाने स्वतःच्या हाताने लिहाव्यात. मूळ कागदपत्रं एका पिशवीत, स्कॅन केलेल्या प्रती दोन ठिकाणी.

मनाचं काय?

2005 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत, आयुष्यात कधीतरी मानसिक आजार झालेल्यांपैकी निम्म्यांना तो 14व्या वर्षापर्यंत, तर तीन चतुर्थांश लोकांना 24व्या वर्षापर्यंत सुरू झालेला आढळला. म्हणजे घर सोडण्याचं वय आणि आजाराचं वय एकमेकांवर येतात. घाबरवण्यासाठी सांगत नाही; बोलणं आधी व्हावं म्हणून सांगतोय. झोप, जेवण, अंघोळ, लोकांत मिसळणं यांतलं काही दोन आठवडे बिघडलेलं राहिलं तर कुणाला सांगायचं, त्या माणसाचं नाव आजच ठरवा. ते नाव तुमचंच असायला हवं, असं नाही. जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटलं तर मात्र एक रात्रही थांबायचं नाही. तत्काळ कुणाला तरी बरोबर घ्यायचं आणि डॉक्टर गाठायचे.

ज्यांना जास्त आधार लागतो

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत दोन वर्षं अपुरी पडतात. अमेरिकेतल्या कायद्यानुसार विशेष शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या आराखड्यात शाळेनंतरच्या आयुष्याची योजना तो 16 वर्षांचा होईपर्यंत यावी लागते, आणि त्या बैठकीला विद्यार्थ्यालाही बोलवावं लागतं. कायदा कुठलाही असो, दुसरा भाग उचलण्यासारखा आहे. बैठक मुलाची, तर खुर्चीही मुलाला हवी. आपली गरज दोन वाक्यांत सांगता येणं हे या मुलांसाठी सर्वांत मोलाचं कौशल्य: ‘मला भराभर लिहिता येत नाही. जास्त वेळ किंवा संगणक मिळाला तर मी हे काम करू शकतो.’ दया मागायची नाही, सोय मागायची.

घराबाहेरचे पहिले तीन महिने

निघण्यापूर्वी फोनचा दिवस ठरवा. रोजचा नको, आठवड्यातून एक-दोनदा पुरे. अडचण घेऊन फोन आला की आधी विचारा: ‘नुसतं ऐकू, सुचवू, की काही करू?’ बहुतेक वेळा नुसतं ऐकायचंच असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘मला परत यायचंय’ असा फोन येण्याची शक्यता बरीच आहे. नव्याचं नवेपण तोवर ओसरलेलं असतं आणि मैत्र्या जुळलेल्या नसतात. लगेच गाडीत बसू नका. ‘पुढच्या रविवारी याच वेळी पुन्हा बोलू, तोवर एकदा जेवायला कुणाबरोबर तरी जा’ इतकंच म्हणा. छळ, आजार किंवा आधी म्हटलेली लक्षणं असतील, तर हा नियम लागू नाही.

मग पहिली सुट्टी येईल. मूल दमून घरी येईल, पिशवीभर मळके कपडे घेऊन येईल, आणि तुम्हाला सगळं पुन्हा आपल्या हातात घ्यावंसं वाटेल. एखाद-दुसरा दिवस लाड करा. पण परतीचं तिकीट त्यालाच काढू द्या, आणि निघायच्या दिवशी पहाटे जाग आलीच तर खोलीच्या दाराशी जाऊ नका. गजर त्याने लावलेला असेल.